पंगतीत बोपिस नव्हतं

१

गोठ्यात सात वस्तू होत्या: कोंड्याचं एक भरलेलं पोतं, एक अर्धं पोतं, निळी बादली, खराटा, केळीच्या खुंटाचे चिरलेले तुकडे, पाणी उपसायची करवंटी आणि धुऊन भिंतीला पालथी टेकवलेली लाकडी डोणी. रोव्हेलिननं पुन्हा मोजलं. सातच. आठवी असायला हवी होती ती शंभर किलोंची, काळीकुळकुळीत, उजाडायच्या आत नाकानं दार ठोकून खायला मागणारी सेन्योरा. ती तेवढी नव्हती.

दाराचा आडवा बांबू बाहेरून नीट सरकवलेला होता.

"तातय!" तिनं हाक मारली.

तिचा बाप नार्सिसो कॉफीचा पेला घेऊन मागच्या दारात आला. "गेली?" त्यानं विचारलं.

"गेली म्हणजे? सुटून गेली असती तर दार मोडलं असतं. कुणीतरी नेलीय तिला."

"मग चोरच असणार. मेल्याचं वाटोळं होवो." पेल्यात बघत त्यानं शिवी दिली. त्याला शिव्या द्यायची सवय नव्हती, हे ऐकताना कळत होतं.

रोव्हेलिन नुकतीच इलोइलोहून पहिल्या जीपनी गाडीनं आली होती. जनावरांच्या मांसात औषध उरलंय का, हे तपासणाऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत ती नोकरी करायची आणि कामाच्या दिवशी तिकडेच राहायची. आज शेजारच्या लोला कॉन्सिंगचा, म्हणजे कॉन्सिंगआजीचा, दफनविधी होता, म्हणून ती रजा घेऊन गावी आली, आणि बॅग खाली ठेवायच्या आत सवयीनं गोठ्याकडे गेली.

सेन्योरा साधी डुकरीण नव्हती. रोव्हेलिनची आई, तिची नानय, नऊ वर्षं इटलीत तोरिनो शहरात एका म्हातारीची देखभाल करत होती. गेली तेव्हा रोव्हेलिन पंधरा वर्षांची होती. दोनदा ती येणार म्हणून ठरलं आणि दोनदा राहिलं. या खेपेला मात्र ती येत होती, सव्वीस तारखेला. गेल्या वर्षी फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "आपल्या अंगणात, आपल्या बांबूवर भाजलेलं डुक्कर खायचंय गं. ते कातडं दाताखाली कडकन मोडतं ना, तो आवाज इकडे कुठंच नाही." दुसऱ्याच दिवशी रोव्हेलिननं बाजारातून मांजराएवढं पिल्लू आणलं.

तीन तारखेला सेन्योरा खोकायला लागली, तेव्हा रोव्हेलिननंच तिला इंजेक्शन दिलं. मॅक्रोलाइड जातीचं, एका सुईत काम करणारं औषध. नार्सिसोनं डुकरीण कवेत धरली, तिनं मानेत डाव्या बाजूला सुई टोचली.

"तीन आठवडे हिला कापायचं नाही, तातय. चोवीसपर्यंत. फुप्फुस, कलेजी, गुर्दे आणि ही सुईची जागा, इथं औषध फार दिवस बसून राहतं."

"सव्वीसला तर नानय येतेय," ती स्वतःच पुढं म्हणाली होती. "अगदी बरोबर बसतंय."

"बरं," नार्सिसो म्हणाला होता.

आज बारा तारीख होती. रोव्हेलिन रस्त्यावर आली, तेव्हा चार घरं पलीकडे लोला कॉन्सिंगच्या अंगणात चुलाणं पेटलेलं होतं. कढत पाणी ओतून कुणीतरी कातडीवरचे केस खरवडत होतं. केस काळे होते.

२

खरवडणारा होता टिबुर्सिओ, गावाचा खाटीक. लहानथोर सगळे त्याला नोंग टिबो म्हणत, म्हणजे टिबोदादा.

"ये इंदाय, ये पोरी," तो मान वर न करता म्हणाला. "शहरातनं आलीस? लोलाचं तोंड बघून घे आधी."

"बघते. नोंग, हे डुक्कर कुठलं?"

"गिमारास बेटावरचं. होडीनं आणलं."

"कधी?"

"पहाटे."

"पहाटेच्या होडीत नारळ चढवायला जागा नसते, आणि तुम्हाला शंभर किलोंचं डुक्कर मिळालं?"

टिबोचा सुरा थांबला. "इंदाय, मी तुझ्या बारशाचं डुक्कर कापलंय. तुझ्या आईच्या लग्नाचंही. सरळ विचार ना, चोरलंस का म्हणून."

"चोरलंत का?"

"नाही."

त्यानं इतक्या सरळ डोळ्यांत बघून सांगितलं, की तीच चपापली. डोकं तर कधीच वेगळं करून पातेल्यात गेलं होतं, आणि काळ्या डुकरांच्या अंगावर नावं लिहिलेली नसतात.

घरात लोलाची मुलगी फेली, सगळ्यांची नांग म्हणजे ताई, शवपेटीजवळ फुलं लावत होती. तिचे डोळे सुजलेले होते, पण बोलणं थांबलं नव्हतं. "काल रात्रीपर्यंत माझ्याकडे कोंबड्याच होत्या गं. म्हटलं, आईला कोंबडीवर पोचवायचं! लोक काय म्हणतील? आणि सकाळी टिबो डुक्कर घेऊन दारात. विचारलं, किती द्यायचे? म्हणाला, काही नाही. कुणाचा तरी नवस आहे."

"कुणाचा?"

"नाव सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय म्हणे. मी कशाला खोदून विचारू? देणाऱ्याचा हात बघायचा नसतो."

रोव्हेलिनला हे पटेना. चोर चोरतो तो विकायला, निदान खायला. हा कसला चोर, जो फुकट देऊन वर नावही लपवतो?

"नांग फेली, त्या डुकराचं रक्त ठेवलंय का?"

"ठेवलंय की. नवव्या दिवसाच्या पंगतीत दिनुगुआन करायला लागेल. फ्रीजरमध्ये पिशवी आहे."

"त्यातलं चमचाभर मला दे."

फेलीनं तिच्याकडे बघितलं, मग शवपेटीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "माझ्या आईच्या पंगतीचं डुक्कर तू तपासणार?"

"माझ्या आईच्या पंगतीचं असेल तर," रोव्हेलिन म्हणाली.

३

रक्त घेऊन शहरात परत जायच्या आधी तिनं आणखी एकाला गाठलं. तियो पिद्यो, तिच्या आईचा धाकटा भाऊ, झुंजीचा कोंबडा मांडीवर घेऊन त्याच्या पायाला तेल चोळत बसला होता. आदल्या संध्याकाळी तो त्यांच्याच घरी ताडी पीत होता.

"आलीस? ये, ये. गावात काही हरवलं की पहिलं माझं दार. माझी बायकोसुद्धा चमचा सापडला नाही की माझे खिसे बघते."

"काल किती वाजेपर्यंत होतास?"

"ताडी संपेपर्यंत. तुझा बाप एक थेंब प्यायला नाही. नुसता बसला होता, त्या पेटीकडे बघत."

पेटी म्हणजे परदेशातून येणारं मोठं पुठ्ठ्याचं खोकं. ते दोन दिवसांपूर्वी तोरिनोहून विमानानं आलं होतं आणि नार्सिसोच्या खाटेशेजारी न उघडता पडलं होतं. नानय आली की तिच्याच हातानं उघडू, असं तो म्हणाला होता.

"मला एक कळत नाही," पिद्यो कोंबड्याच्या कानात सांगावं तसं म्हणाला. "माणूस येणार असलं की पेटी आपल्याबरोबर आणतं. माझी बहीण स्वतः मोकळ्या हातानं येणार आणि पेटी आधी पाठवणार? आणि त्या घरात तिचं नाव तरी कधी कुणी घेता का तुम्ही? मी घेतलं, तर तुझा बाप उठून दिवा बारीक करायला गेला."

"विषय बदलू नकोस, तियो. डुकरिणीचं बोल."

"सेन्योराला मी नेलं असतं, तर सगळ्या गावाला कळलं असतं. मला बघून ती किती किंचाळते, विसरलीस? त्या घरात ती दोघांचंच ऐकते. एक तू." त्यानं कोंबडा खाली सोडला. "बाकी तू शिकलेली. मी काय सांगणार."

त्याचं हे बोलणं तिनं सोडून दिलं. घरी आली. दाराशी नानयच्या लाल सपाता नेहमीसारख्या जोडून ठेवलेल्या होत्या. नऊ वर्षं कुणी न घातलेल्या सपाता नार्सिसो दर शनिवारी धुवायचा. का धुता, असं तिनं कधी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिनं आपलं काम संपवलं आणि मग ते रक्त यंत्रात घातलं. सेन्योराचं असेल, तर औषध दिसेल. दुपारी निकाल आला. रेघ सपाट होती. काही आढळलं नाही.

शनिवारी ती गावी आली आणि थेट टिबोच्या दुकानी गेली. चार माणसं उभी होती. त्यांच्यासमोरच ती म्हणाली, "नोंग, माझं चुकलं. ते डुक्कर आमचं नव्हतं. माफ करा."

टिबोला हायसं वाटेल, असं तिला वाटलं होतं. त्यानं सुरा पुसला, पुन्हा पुसला. म्हणाला, "तू नको माफी मागूस, इंदाय. तू नकोस." आणि चार गिऱ्हाइकं तशीच सोडून तो आत निघून गेला.

४

दफनानंतर नवव्या दिवशी प्रार्थना झाली आणि दुपारी फेलीच्या अंगणात लांबच लांब टेबलं मांडली. केळीच्या पानांवर भाताचे ढीग. त्या डुकरिणीचं मांस फेलीनं मीठ लावून, गोठवून पुरवून ठेवलं होतं. सिरक्यात शिजवलेला आदोबो होता, रक्ताचं काळंभोर दिनुगुआन होतं, फणस घालून शिजवलेले पाय होते.

तियो पिद्योनं टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी मारली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बोपिस कुठाय?"

"नाही केलं," फेली म्हणाली.

"नाही केलं? डुक्कर टिबोनं कापलं, स्वयंपाकाला टिबो उभा, आणि बोपिस नाही? अहो, त्या माणसाच्या हातचं फुप्फुसाचं झणझणीत बोपिस खायला पलीकडच्या गावातले लोक अनोळखी माणसाच्या मयताला येतात! दफनाच्या दिवशी नव्हतं, म्हटलं घाई असेल. आज काय झालं? ही डुकरीण फुप्फुसाशिवायच जन्मली होती काय?"

लोक हसले. टिबो हसला नाही. तो फार मन लावून भात वाढत राहिला.

रोव्हेलिनचा घास हातातच राहिला. "नांग फेली," तिनं हळूच विचारलं, "कलेजी होती का?"

"आता तू म्हणतेस म्हणून... नाही बाई. कलेजी पण नव्हती. गुर्देही नाहीत. मला वाटलं टिबोनं आपला वाटा म्हणून ठेवून घेतले. ठेवू दे, राबला बिचारा."

फुप्फुस, कलेजी, गुर्दे. नेमके तेच. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की यंत्रानं तिला खोटं सांगितलं नव्हतं. तिनंच चुकीच्या ठिकाणी विचारलं होतं.

हे औषध रक्तात राहतच नाही. सुई टोचल्यावर थोड्याच वेळात ते रक्त सोडू लागतं आणि मऊ मांसात शिरतं. पेशींच्या आत आंबट पाण्याचे बारीक कप्पे असतात. त्यांत ते गेलं, की त्याला सहज बाहेर येता येत नाही, अडकून पडतं. पांढऱ्या पेशी त्याला पोटात घेऊन, जिथं दुखणं आहे तिथं नेऊन पोचवतात. सेन्योराचं दुखणं छातीत होतं. नऊ दिवसांनी तिच्या रक्तात, त्यांच्या जुन्या यंत्राला दिसेल एवढंही औषध उरलं नसणार, आणि फुप्फुस मात्र भरलेलं असणार. कॉलेजात याच विषयावर तिनं तोंडी परीक्षा दिली होती. फेलीनं रक्त दिलं आणि तिनं ते घेतलं, कारण तिला घाईनं उत्तर हवं होतं.

तर ती सेन्योरा असू शकत होती. पण मग टिबोला काय ठाऊक, की कोणते अवयव खायचे नाहीत?

तिनं पान तसंच ठेवलं आणि टिबोच्या मागोमाग चुलाण्याकडे गेली.

"नोंग, फुप्फुस कुठं आहे?"

टिबोनं झारा पातेल्यात सोडला आणि दुकानाची वाट धरली.

५

टिबोचा फ्रीजर दुकानाच्या मागच्या खोलीत होता. त्यानं माशांच्या पिशव्या बाजूला केल्या आणि तळातून एक घट्ट बांधलेली पिशवी काढली. तिच्यावर जाड शाईनं लिहिलं होतं: २४ नंतर.

"फेकून द्यायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "पण इतकं सुरेख फुप्फुस, इंदाय! फेकवेना. म्हटलं चोवीसपर्यंतच प्रश्न आहे ना, मग राहू दे बर्फात. चोवीस झाली की करू बोपिस. कुणाला अपाय नको, आणि वायाही नको."

इतक्या सगळ्यात रोव्हेलिनला हसू आलं. "नोंग, औषध जिवंत जनावर बाहेर टाकतं. तुमचा फ्रीजर काय लघवी करतो का?"

"म्हणजे चोवीसनंतरही...?"

"पुढच्या वर्षी चोवीस तारखेलाही तेवढंच असेल."

टिबोनं पिशवीकडे असं बघितलं, जसं एखाद्या जुन्या मित्रानं फसवलंय. "मूठभर मिरच्या उगाच आणल्या," तो पुटपुटला.

तिनं पिशवी सोडली. फुप्फुस होतं, कलेजी होती, दोन गुर्दे होते. आणि एका कोपऱ्यात, वेगळ्या कागदात गुंडाळलेला, तळहाताएवढा मांसाचा तुकडा. कातडीसकट.

"हा कुठला?"

"मानेचा."

"कुठल्या बाजूचा?"

टिबोनं स्वतःच्या मानेला डावीकडे बोट लावलं.

चोराला ही जागा ठाऊक नसणार. फेलीला नाही, पिद्योला नाही, गावातल्या कुणालाच नाही. सुई टोचली तेव्हा गोठ्यात दोन माणसं होती. एक ती. दुसऱ्यानं डुकरीण कवेत धरली होती.

मग बाकीचं आपोआप जागी बसलं. डुकरीण नेल्यावर डोणी धुऊन पालथी घालणारा चोर कुठं असतो? नार्सिसो जेवल्यावर स्वतःचं ताटही असंच धुऊन भिंतीला पालथं टेकवायचा. तिनं नुसतं "तातय" म्हटलं आणि त्यानं विचारलं, "गेली?" सेन्योरा किंचाळली नाही, कारण ती ज्याचं ऐकायची त्याच्याच मागून गेली. आणि पेटी. माणसाच्या आधी आलेली पेटी.

"शपथ त्यांनी घातली?" तिनं विचारलं.

"मी तोंड उघडलेलं नाही," टिबो म्हणाला. "हे फुप्फुसच बोललं, तर मी काय करू?"

रोव्हेलिन दारात गेली आणि थांबली. बापानं डुकरीण का दिली, हे तिला आता समजत होतं. पण पेटी उघडून बघेपर्यंत ते खरं नव्हतं, आणि तिला वाटलं, ती कधीच उघडू नये.

६

नार्सिसो ओसरीवर लाल सपाता पुसत होता. शनिवार नव्हता. रोव्हेलिन त्याच्याशेजारी बसली आणि मानेचा तो तुकडा, कागदासकट, दोघांच्या मध्ये ठेवला.

त्यानं कागदाची घडी उलगडून पाहिली. "टिबोला फेकून दे म्हटलं होतं."

"त्याला फेकवलं नाही."

"सगळं ठरवून केलं मी," नार्सिसो म्हणाला. "सुईची जागासुद्धा काढायला लावली. कुणाच्या पोटात जायला नको. तू सांगितलं होतंस ते सगळं लक्षात ठेवलं."

"ठेवलंत. म्हणूनच सापडलात. नानय कधी येणार?"

त्यानं सपाता जोडून खाली ठेवल्या. "म्हातारी अंथरुणाला खिळलीय. तिच्या मुलांनी हातापाया पडून आणखी दोन वर्षं मागितली. पाच तारखेला फोन आला. तुझी नानय म्हणाली, तुम्ही सांगा, माझ्या तोंडून निघत नाही. मी हो म्हटलं."

"आणि सांगितलं नाहीत."

"रोज सांगणार होतो. तू घरी यायचीस आणि आधी गोठ्यात जायचीस. ती किती भरली, हातानं मापून बघायचीस. सव्वीस तारीख आली असती, डुकरीण तशीच उभी राहिली असती, आणि तू प्रत्येक खेपेला तिला खायला घातलं असतंस. तुला तसं बघणं... मग कॉन्सिंग गेली. फेलीकडे काही नव्हतं. म्हटलं, निदान एका आईच्या कामी येऊ दे."

"पण चोर कशाला, तातय? सरळ सांगायचं."

"चोराचा राग करता येतो," नार्सिसो म्हणाला. "आईचा कसा करणार? मला वाटलं, थोडे दिवस तू चोरावर राग काढशील. तेवढ्यात तिच्यावरचा निवून जाईल."

रस्त्यावरून तियो पिद्यो कोंबडा काखेत घेऊन चालला होता. दोघांकडे बघून त्यानं टोपीला हात लावला आणि पुढं गेला.

संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी पेटी उघडली. साबण, चॉकलेटं, कॉफी, नार्सिसोसाठी जाड मोजे, आणि सगळ्यात वर, पातळ कागदात, चाळीस मापाच्या लाल सपाता. रोव्हेलिनच्या पायाचं माप नानयनं विचारलं नव्हतं. तिनं घालून बघितल्या. बरोबर बसल्या.

रविवारी तोरिनोहून फोन आला. नार्सिसोनं तो उचलून सरळ मुलीच्या हातात दिला.

"इंदाय?" आवाज बारीक होता. "तातयनं... सांगितलं का?"

"सांगितलं."

पलीकडे कुणीतरी म्हातारं खोकलं. नानयनं त्यांच्या भाषेत काही समजावलं, मग परत आली. "रागावलीस?"

रोव्हेलिननं रिकाम्या गोठ्याकडे पाहिलं. "जेवलीस का, नानय?"

"आता जेवेन," ती म्हणाली.

सोमवारी रोव्हेलिन पिशवी बर्फात घालून शहरात घेऊन गेली. कुणी निकाल मागितला नव्हता, आणि आता त्यानं काही सिद्धही व्हायचं नव्हतं. तरी तिनं फुप्फुसाचा एक तुकडा कापला, तोलला, वाटला आणि यंत्रात घातला. शेजारी पुन्हा एकदा तेच रक्त ठेवलं, म्हणजे दोन्ही एकाच दिवशी, एकाच हातानं मोजलेली असतील.

चार वाजता निकाल आले.

रक्त: आढळलं नाही.

फुप्फुस: एका ग्रॅममध्ये १.४ मायक्रोग्रॅम.